अँटेनाला गोणपाट

जीवरामआबांना झाकाझाकीची भारी हौस. उन्हाळा लागला की पंपावर पोतं, माठाला ओलं फडकं आणि केळीच्या एकूण एक घडावर वाळकी पानं. सुनंदाबाई म्हणायच्या, या माणसाला देव भेटला तर आधी त्याच्यावर गोणपाट टाकेल आणि मग पाया पडेल.

हल्ली त्या असलं काही म्हणत नव्हत्या. संक्रांतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. लेक कामिनी त्यांना उपचारासाठी धुळ्याला घेऊन गेली. आबांना पंधरवड्यातून एकदाच जाता येई, कारण वैशाखात पाण्याची एक पाळी चुकली की केळी मान टाकते. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल. मळ्यात मोबाइलवर जेमतेम आवाज पोचायचा, तेव्हा गावात इंटरनेटचं काम करणाऱ्या दिपमालाने घराच्या गच्चीवर अँटेना बसवून दिला होता. आबा दिवसभराचं सगळं सांगत, सुनंदाबाई डोळ्यांनी उत्तर देत आणि शेवटी उजवा हात उचलेल तेवढा उचलून दाखवत. तो मांडीवरून छातीपर्यंत आला होता. मुक्या झालेल्या बायकोशी नुसत्या फोनवर काय बोलणार? दोघांचा संसार आता त्या चित्रावरच चालला होता.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला. एका दुपारी आबांनी गच्चीवर जाऊन केबलला हात लावला, तर चटका बसला. अँटेनाच जळाला तर? त्यांनी अँटेनाला ओलं गोणपाट गुंडाळलं, वर केळीची पानं खोचली. वाऱ्याने पोतं उडायला लागलं, तसा डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी तो पोत्याभोवती आवळला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.

त्याच संध्याकाळी चित्र अडखळलं. उन्हाचाच प्रताप, असं म्हणून आबांनी दुसऱ्या दिवशी दोन बादल्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी चित्र पार गेलं.

पाचव्या दिवशी कामिनीचा साधा फोन आला. आई सातला फोनसमोर बसते, वाट बघते आणि भिंतीकडे तोंड फिरवते. दोन दिवस तिने व्यायामाला हात लावलेला नाही. एवढं सांगून तिने फोन आईच्या कानाला लावला. आबांना फक्त श्वास ऐकू आला.

"मी हाये ना वं," ते म्हणाले. त्या दिवशी ते पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी दिपमाला स्कूटीवरून आली. गच्चीवरचं ते गाठोडं पाहून तिने हसू कसंबसं दाबलं. आबांनी, विचारायच्या आधीच, गुन्हा कबूल केला. तिने समजावलं की अँटेना उन्हापावसासाठीच बनवलेला असतो, पण ओलं पोतं आडवं आलं की लहरी त्यातच जिरतात. शिवाय पाणी केबलवरून ओघळत, केबल अँटेनाला मिळते त्या जोडात शिरलं होतं. जोड उघडला तर आत हिरवा गंज.

"आबा, घड झाकताना आपून पह्यले दांडा झाकतो ना?" ती म्हणाली. "याचा दांडा म्हनजे हा जोड. त्यालेच तुम्ही उघडा ठेवला."

हे आबांना लगेच पटलं. उन्हाने दांडा सडला की घड हातचा जातो, हे त्यांना कोण शिकवणार? नवा जोड बसल्यावर त्यांनी रबरी टेप स्वतःच्या हातात घेतली. दिपमाला सांगत गेली: खालून वर यायचं, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवायचा, कौलं रचतात तसा, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर घसरतं. उन्हातली केबल तिने पाइपात घातली आणि जोडाच्या अलीकडे तिला खाली झोळ दिला, थेंब तिथूनच गळून पडावा म्हणून. आबांनी एकेक वेढा अंगठ्याने दाबला. बाळंतिणीचं डोकंही कुणी एवढ्या मायेने बांधलं नसेल.

सातला चित्र आलं. सुनंदाबाई रुसलेल्याच होत्या. आबांनी गोणपाटापासून जोडापर्यंत सगळं सांगितलं, तरी त्या हसल्या नाहीत. त्या आबांच्या कपाळाच्या वर कुठेतरी एकटक बघत होत्या. मग उजवा हात मांडीवरून निघाला, छातीशी आला, तिथे थरथरला. कामिनी आधार द्यायला पुढे झाली, तर त्यांनी तिला डोळ्यांनी मागे सारलं. हात खांद्याच्या वर गेला, डोक्यापर्यंत पोचला, आणि त्यांनी पदरावर दोनदा थोपटलं.

"डोकं दुखून राह्यलं का?" आबा घाबरले.

सुनंदाबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा थोपटलं.

आबांनी आपल्या डोक्याला हात लावला. डोकं उघडं होतं. पाच दिवस ते तसंच उन्हात फिरत होतं, कपाळाची सालं निघाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

ते उठले, गच्चीवर गेले, काढून टाकलेल्या पोत्याभोवतीचा रुमाल सोडवून झटकला, डोक्याला बांधला आणि परत येऊन समोर बसले. तोवर सुनंदाबाईंनी हात खाली घेतला नव्हता.