मास्तरांची दिवसपाळी

भट्टीमास्तरांच्या घरात वीस-बावीस वर्षांत कोणी मोकळेपणानं शिंकलंसुद्धा नव्हतं. मास्तर रात्रभर बेकरीच्या भट्टीपुढे उभे राहायचे आणि दिवसा झोपायचे, त्यामुळे सगळं घर कुजबुजत जगायचं. दाराची घंटा काढून ठेवलेली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मास्तरीणबाई गॅस बंद करायच्या, मग डाळ कच्ची राहिली तर राहिली. पोरं कुजबुजत वाढली, कुजबुजत भांडली, आणि थोरलीनं स्वतःचं लग्न ठरवल्याची बातमीही आईच्या कानातच सांगितली. मास्तरीणबाईंनी कुठल्या शाळेत शिकवलं होतं असं समजू नका हां. मास्तरांची बायको म्हणून मास्तरीण, एवढंच.

पण रात्र मात्र त्यांची. नवरा डबा घेऊन जिना उतरला की यांचं राज्य सुरू. शिवणयंत्र घरघरायला लागायचं, रेडिओ गायला लागायचा, आणि काम संपलं की बाई पलंगावर आडव्या-तिडव्या कशाही पसरायच्या. पोरं घराबाहेर पडल्यावर तर विचारणारं कोण! "नवरा असावा, पण रात्रपाळीचा असावा," असं त्या शेजारणीला सांगायच्या आणि दोघी तोंड दाबून हसायच्या.

आणि एक दिवस मास्तर घरी येऊन कुजबुजले, "अगं, सोमवारपासून दिवसपाळी."

"कोणाची?"

"माझी."

बाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली.

बेकरीच्या जुन्या मालकांच्या मागं त्यांची मुलगी कारभार बघायला लागली होती. तिनं विजेची भट्टी आणली आणि हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं. मास्तरांचा अंगठा गरम ट्रे उचलून उचलून इतका गुळगुळीत झाला होता की मशीन त्यांना ओळख द्यायलाच तयार होईना. आणि भट्टी तरी कुठं राहिली होती हातात? मास्तर आता पुढच्या खोलीत बसून पावाची पाकिटं बांधायचे.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. जेवण झाल्यावर मास्तरांना खुर्चीत डुलकी लागली. जुन्या सवयीनं बाईंनी त्यांना हलवलं, "उठा, भट्टी खोळंबलीय," आणि हातात डबा दिला. मास्तरही जुन्या सवयीनं शर्ट चढवून निघाले, बेकरीच्या रखवालदाराशी हुज्जत घातली आणि मग डोक्यात प्रकाश पडल्यावर डबा घेऊन परत आले.  मग तो डबा दोघांनी मिळून संपवला.

तेवढंच काय ते गोड. बाकी ताप. पोळ्या करताना मागं येऊन उभे राहायचे. "कणीक अजून मळायला हवी होती." पोळीवाली तुम्ही की मी? बरं, हेही कुजबुजत! शिवणयंत्र बंद, कारण मास्तरांना झोप यायची. रेडिओ बंद. पलंग निम्मा गेला, आणि उरलेल्या निम्म्यावर घोरणं आदळायचं. "सासू गेली तेव्हा वाटलं सुटले," बाई शेजारणीला म्हणाल्या, "आता हीच सासू मिशा लावून आलीय."

शेवटी त्यांनी ठरवलं, मालकिणीला भेटायचं. आता 'मला माझी रात्र परत द्या' असं थोडंच सांगता येतं? पण नवऱ्याच्या अपमानाचं कारण आयतं होतं. आरशासमोर उभं राहून बाईंनी त्या अपमानावर इतका विचार केला, की बेकरीत पोचेपर्यंत त्यांना खरोखरच संताप आला होता.

"बाई," त्या मालकिणीच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, "तुमच्या वडिलांच्या वेळी आमचे हे भट्टीचे राजे होते. इतकी वर्षं राबले, आणि आता पाकिटं बांधायची? काम असं असतं होय? त्यांची रात्रपाळी त्यांना परत द्या."

मालकीण तरुण होती, पण वडिलांच्याच खुर्चीत बसायची. ती उठली आणि तिनं दुसरी खुर्ची पुढं सरकवली. "काकू, बसा आधी. उद्यापासून देते. नव्या भट्टीवरही रात्री जाणता माणूस हवाच आहे मला. मी तर त्यांच्या हातापाया पडले होते."

"मग?"

"त्यांनीच नाही म्हटलं. भट्टी नको, पगार कमी चालेल, पाकिटं बांधतो, पण दिवसाच ठेवा म्हणाले. तुम्हाला सांगू नका अशी शपथ घातलीय, पण आता तुम्ही भांडायलाच आलात तर काय करू?"

"पण का?"

"हिवाळ्यात तुम्हाला ताप भरला होता ना? रात्रभर?"

बाईंना आठवलं. सकाळी मास्तर यायच्या आत त्या उठल्या होत्या, तोंड धुऊन चहा टाकला होता. दमून आलेल्या माणसाला कशाला सांगायचं!

"दोन दिवसांनी जिन्यात शेजारणीनं विचारलं त्यांना, की ताप उतरला का," मालकीण म्हणाली. "इथं येऊन बसले, या खुर्चीत. म्हणाले, माझ्या बायकोला ताप आला हे मला शेजारीण सांगते. अख्ख्या गावाला गरम पाव दिला, आणि घरात कोण तापलंय ते मला ठाऊक नाही."

मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्यांना राग आला. मूर्ख माणूस! सांगता येत नव्हतं तोंडानं?

"मग काकू, उद्यापासून रात्रपाळी लावू?"

"छे छे," बाई उठल्या. "राहू द्या दिवसाचीच. आणि मी आले होते हे त्यांना सांगू नका."

घरी आल्या तर मास्तर स्वयंपाकघरात पातेलं घेऊन उभे. "कुठं गेली होतीस गं?" ते कुजबुजले. "चहा टाकू?"



"अहो, मोठ्यानं बोला की! झोपलंय कोण घरात?"

मास्तरांनी घसा खाकरला. बेकरीत भट्टीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारायचे, तशा आवाजात ते गरजले, "चहा टाकू का गं?"

धाडकन शेजारचं दार उघडलं. शेजारीण घाबरून डोकावली. "काय झालं हो? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे!" मास्तरीणबाई मास्तरांहूनही मोठ्यानं ओरडल्या. "आमचे हे घरी आहेत!"