भिंत चढलेला कोल्हा

दोन महिन्यांसाठी सांडोरला आलेली नात एलिसा सकाळचा चहा उभ्या उभ्या पिते काय, नि पळते काय, तर चुलत आजीच्या वाडीत! सख्ख्या आजीच्या, सालोमीच्या घरी नुसती झोपायला. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एलिसा कॉलेजात कोल्ह्यांवर अभ्यास करत होती. केळीत पडलेली त्यांची विष्ठा डबीत भरून लॅबला धाडायची. मग कुठला कोल्हा कुणाचं पोर, कुणाचा मामा, सगळं कळायचं. वसईत भिंती नि इमारती उठल्यावर इकडच्या कोल्ह्यांची तिकडे सोयरीक होते की तुटते, हे तिला शोधायचं होतं. आणि कोल्हे यायचे ते सालोमीच्या जावेकडे, मार्थाकडे. सालोमीची वाडी शेजारीच. पण तिनं मोठ्या तोऱ्यात चहूकडून पुरुषभर उंच भिंत घातलेली, फाटकालाही खालपासून जाळी.

"पोरगी हल्ली माझ्याकडंच जेवते गं," मार्था चर्चच्या दारात म्हणाली.

"कोल्हा हगतो तिथं जेवते," सालोमी फणकारली.

पुढच्या रविवारी गुडघे दुखतात म्हणून ती चर्चला, मिस्सेला गेली नाही. त्याच गुडघ्यांनी रस्त्यावरून वळसा घालून रिकाम्या पडलेल्या मार्थाच्या वाडीत शिरली, केळीच्या सोपटावर कोल्ह्याचा ऐवज उचलला नि आपल्या केळीच्या आळ्यात आणून मांडला.

एलिसा हरखलीच. मग रोज आजीचीच वाडी, आजीचंच जेवण, दुपारी आजीच्या मांडीवर डोकं. मार्था फाटकातून डोकावून जायची. सालोमी मुद्दाम मोठ्यानं हसायची.

आणि रिपोर्ट आला.

"आजी! दोन्ही वाड्यांत एकच नर! एवढी भिंत चढतो तो! मी सरांना लिहिणार, भिंती कोल्ह्याला अडवत नाहीत. काय जिद्दीचा आहे गं!"

सालोमीच्या हातातला विळा थांबला. गप्प बसलं तर पोरगी इथंच राहणार. पण उद्या कुणी जाणता ही भिंत बघायला आला, तर हसं पोरीचं. आणि कौतुक त्या मेल्या कोल्ह्याचं!

"लिहू नकोस," ती म्हणाली. "कोल्हा नाही चढला. मी आणलं ते, मार्था मिस्सेला गेलेली तेव्हा."

"आजी! का पण?"

"का म्हणून मलाच विचारतेस! गू तपासून कोल्ह्याची मावशी ओळखतेस, नि समोर आजी जळून कोळसा झाली ते दिसलं नाही तुला. कोल्ह्यांत असशील हुशार, बाय, माणसांत तू ढ आहेस. जा तुझ्या मार्थाकडं. पण जेवायला इकडं यायचं!"