दापोड्याचा टेम्पो

"बाह्या वर करा. नववीच्या सगळ्या मुलींनी," मुख्याध्यापक केसरीनाथ सर माइकवरून म्हणाले.

प्रार्थना नुकतीच संपली होती. शाळेची समुपदेशक मनिषा रांगांच्या मागे उभी होती. नववीतली एक मुलगी स्वतःला इजा करून घेते, नाव तिला विचारल्याशिवाय सांगणार नाही, घरच्यांशी सावकाश बोलू, इतकंच तिने सरांना काल सांगितलं होतं. सरांनी नखं तपासावीत तसे हात तपासायला घेतले.

करिष्माने बाही वर केली नाही. तिच्या वर्गशिक्षिकेने ती ओढून वर केली. हातावर कापल्याचे वण होते.

"आयला, लव्हमॅटर!" मुलांच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"सर, कितीतरी दिवस ती मी बसते त्या प्रयोगशाळेत येऊन नुसती सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल बघत बसायची. मग कुठे बोलायला लागली होती," मनिषा नंतर म्हणाली.

"अहो मॅडम, उद्या काही झालं तर पेपरात शाळेचं नाव येईल. तुमचं नाही."

करिष्मा परत शाळेत आली नाही.

पुढच्या आठवड्यात मनिषा तिच्या पाड्यावर गेली. करिष्माची आई राहीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"पोरीला दापोड्याला गोडावनात लावली. टेम्पो येतो न्यायला."

"पंधरा वर्षांची आहे ती."

"तिथं कोन इचारतंय? बाह्या पन कोन वर कराया सांगत न्हाय."

करिष्मा दारात आली. दोन्ही हातांवर ताजं, सुजलेलं गोंदण होतं. आधी मनिषाच्या मनात सुईचा, जंतुसंसर्गाचा विचार आला. मग तिला राहीबाईचे हात दिसले. त्यांवरही तीच नक्षी होती.

"मीच तिला गोंदवून आनलं," राहीबाई म्हणाली. "आता सगळं झाकलं. पाड्यावर कोन हसनार न्हाय."

"डाग झाकले, राहीबाई. दुखणं आतच आहे. तिला रागावू नका, एकटी ठेवू नका. काय होतंय ते विचारा तिला."

"इचारू कसा? मलाच रडू येतं."

"रडत विचारा."

राहीबाईने सूप बाजूला ठेवलं.

"मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, बाई," करिष्मा म्हणाली.

"हो. तुला न विचारता मी सरांशी बोलायला नको होतं."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. करिष्मा निघाली. मनिषाही तिच्यामागोमाग उतरली आणि ड्रायव्हरला न विचारताच मागे चढली. बायकांनी सरकून जागा दिली.

"नवी लागली का गं ही?" एकीने विचारलं.

"न्हाय," करिष्मा बाहेर बघत म्हणाली. "माझ्याकडं आल्यात."

मग दापोडे येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. मनिषानेही काही विचारलं नाही.