मानेतला बाक

मी एक जुनी गिटार आहे. डोंबिवलीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, भिंतीवरच्या खिळ्याला असते. मित्रांनो, नाव आधीच सांगून टाकलं, कारण इथे आल्यापासून कुणी मला सतार म्हटलं, कुणी फिडल, आणि शेजारच्या गंगुबाई तर 'तुमचं ते इंग्रजी तुणतुणं' म्हणतात. राग येतो हो. पण खिळ्याला टांगलेल्याने राग करून करून किती करावा?

मला गोव्यातल्या एका कारागिराने घडवलं. रुंद पोट, सडपातळ मान आणि अंगावर तातीच्या, म्हणजे आतड्यापासून वळलेल्या, मऊ तारा. त्यांची ओढ कमी. माझी मान तेवढीच ओढ सोसेल अशी केलेली होती. पुढचं सगळं रामायण या मानेवरून घडलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तिथून मी कल्याणच्या रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरच्या घरी आले. त्याची मुलगी मेबेल मला वाजवायची. तिच्या आईने तिला एक धून शिकवली होती. तिला ना शब्द होते, ना नाव. पहिला अर्धा भाग चढत जायचा आणि दुसरा हळूहळू खाली उतरायचा. कुंपणापलीकडे विश्राम कर्णिक राहत. ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. त्यांची नवी नवरी सरोज कपडे वाळत घालता घालता थांबायची आणि ती धून संपेपर्यंत ओला कपडा हातातच धरून उभी राहायची. मेबेलने तिला एकदा हाक मारून आत बोलावलं.

मग रोज दुपारी ती येऊ लागली. मेबेल तिची बोटं धरून माझ्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे पडद्यांवर, ठेवायची. "जोर मत लगाव, सरोज. प्यारसे," म्हणायची. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ. सरोजचं बोट पडद्यावर पडलं की सूर कसा नेमका यायचा! ती पूर्ण धून वाजवू लागली तेव्हा मेबेलने टाळ्या वाजवल्या होत्या.

देश स्वतंत्र झाला आणि पुढच्या वर्षी ड्रायव्हरचं कुटुंब बोटीने परदेशी निघून गेलं. जाताना मेबेलने मला सरोजच्या मांडीवर ठेवलं. "यह गाना भूलना मत," एवढंच बोलली आणि रडायला लागली. सरोजने मान हलवली. तो शब्द तिने मनापासून दिला होता, मी साक्षीला होते.

पण तातीच्या तारा किती टिकणार? कल्याणच्या दमट हवेत एकेक करून तुटल्या. तेव्हा विश्रामचे काका हरिहर पुढे सरसावले. भजनी मंडळात ते पेटी वाजवत आणि तंबोरा लावण्यात त्यांचा हात धरणारा कल्याणात कुणी नव्हता. "अगं, तार ती तार!" म्हणत त्यांनी मला सतारीच्या पोलादी तारा चढवल्या आणि पेटीचा सूर गाठेपर्यंत खुंट्या पिळल्या. माझे प्राण कंठाशी आले. काही आठवड्यांत माझी मान पुढे वाकली आणि तारा पडद्यांपासून उंच राहिल्या. मग कुठलीही तार पडद्यावर दाबली की ती ताणली जाई आणि सूर चढा निघे.

सरोजने धून वाजवायला घेतली आणि पहिल्याच ओळीला दचकली. "काका, ही बेसूर वाटते हो."

काकांनी माझ्या तारा न दाबता, मोकळ्याच छेडल्या. तंबोरा असाच तपासतात ना! मोकळ्या तारा अगदी सुरात होत्या. "सूर तर चोख लागलाय, पोरी. तुझी बोटं चुकतायत. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

काका वाईट नव्हते. पण ते वाक्य सरोजच्या मनात रुतून बसलं. ती पुन्हा पुन्हा वाजवायची, बोटं इकडे तिकडे सरकवून बघायची, आणि प्रत्येक वेळी तेच व्हायचं. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई गं, बोटं तुझी नाहीत चुकत! शेवटी तिने मला कापडी गवसणीत घालून खिळ्याला टांगलं. पुढे ते डोंबिवलीला राहायला आले, मुलगी सुमेधा झाली, ती शाळेत जाऊ लागली. मी खिळ्यालाच. दरवर्षी दसऱ्याला पाटीपुस्तकांशेजारी मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहायचे. वर्षातून एकदा पूजा, आणि वर्षभर मला कुणी हात लावत नसे. त्या सगळ्या वर्षांत मी सरोजच्या बोटांसाठी झुरले.

अशाच एका दसऱ्याला सरोज मला झेंडूची माळ बांधत होती. माळेचा दोरा तिने माझ्या मानेच्या कडेने ताणून धरला आणि थबकली. दोरा पहिल्या पडद्याला टेकला होता, शेवटच्या पडद्याला टेकला होता, मधे मात्र अधांतरी होता. ती घरची सगळी शिवणं करायची. सरळ काय आणि वाकडं काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने आपट्याची पानं एकावर एक ठेवून त्या फटीत सरकवली. दोरा जागचा हलला नाही.

"अहो काका, जरा पेटी घ्या," ती म्हणाली. सणाला आलेले काका पेटी घेऊन बसले. मोकळी तार पेटीशी जुळली. मग सरोजने तीच तार बरोबर मध्यावर दाबली. वरचा षड्ज यायला हवा होता, आला त्याहून चढा. "आता सांगा, चूक बोटाची की मानेची?"

काकांनी स्वतः ती तार मध्यावर दाबून पाहिली. मग म्हणाले, "अगं, तंबोऱ्याची तार कोण दाबतं? माझ्या डोक्यातच नाही आलं."

माझ्या पोलादी तारा उतरल्या. ओल्या फडक्यावरून कोळशाची इस्त्री फिरवून सरोजने माझी मान शेकली आणि सपाट फळीला आवळून बांधली. बाक निघेपर्यंत ती रोज शेकत राहिली. विश्रामने मुंबईहून सारंगीच्या तातीच्या तारा आणल्या. तरीही जाड तार मध्यावर थोडी चढी वाजे. सरोजने घोडीवर, जिथे तार टेकते तिथे, जुन्या फणीचा घासलेला तुकडा बसवला आणि तो केसभर मागे सरकवत नेला. तारेची लांबी वाढली, आणि मोकळा सूर नि दाबलेला सूर एक झाले.

मग तिने धून वाजवली. चढत जाणारा पहिला भाग अगदी सुरेल आला. तिची बोटं कधी चुकलीच नव्हती! आणि तिथेच ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली.

"काय झालं?" विश्रामने विचारलं.

"पुढचं आठवत नाही हो."

काका हळूच म्हणाले, "मी काहीतरी जोडून देऊ का?"

"नको काका. दुसरं काही नको."

मित्रांनो, वाद्य बेसूर वाजलं तर वाजवणाऱ्याला नावं ठेवण्याआधी त्याची मान बघा, घोडी बघा, तारा दाबून बघा. आणि ते लगेच करा. माझी मान सरळ झाली, पण मधली वर्षं काही परत आली नाहीत.

सरोज आता रोज वाजवते. अर्ध्यावर येते, थांबते, खिडकीबाहेर बघत राहते. पुढचा भाग मला सगळा पाठ आहे. पण मला नुसता आवाज आहे, बोटं नाहीत.