पोचलं म्हटल्यावरच पुसा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी धड पुसला जात नाही. सुताराने मला चांगल्या लाकडाचा केला, पण रंगाऱ्याने घाई केली. पहिला हात वाळायच्या आत त्याने दुसरा फिरवला. तेव्हापासून माझ्यावर खडूने जे लिहाल, त्याची पुसट खूण मागे राहतेच.

शाळेत त्यापायी माझी फार शोभा झाली. गुरुजी नवं गणित मांडायचे आणि मुलं कालच्या गणिताचं उत्तर वहीत उतरवून मोकळी व्हायची. शेवटी गुरुजी वैतागले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे मोडक्या बाकांच्या संगतीत मी आठ वर्षं धूळ खात पडलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एके वर्षी नदी घराघरांत शिरली. शाळा उंचावर होती, म्हणून तिथेच मदतकेंद्र उघडलं. वर्गांमध्ये पाण्याचे कॅन, औषधांची खोकी आणि चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचले गेले. केंद्राच्या प्रमुख ताईंना यादी लिहायला मोठी जागा हवी होती. शाळेच्या शिपाईमामांना माझी आठवण झाली आणि मी पुन्हा उजेडात, व्हरांड्यात आलो.

ताई रोज सकाळी माझ्यावर वस्त्यांची नावं लिहायच्या. पुढे घरं किती, आजारी किती, काय हवं ते. गाडी फाटकाबाहेर पडली की मामांनी ती ओळ पुसायची, असा नियम होता. संध्याकाळी मी मोकळा दिसलो की सगळ्यांना हायसं वाटायचं. मीही खुळ्यासारखा खूश व्हायचो.

चौथ्या दिवशी सकाळी ताई खडू घेऊन आल्या आणि थबकल्या. पुरानंतर पहिल्यांदाच पडलेल्या तिरप्या उन्हात कालची सगळी यादी माझ्या अंगावर दिसत होती.

"पुसलंत ना, मामा?"

"दोनदा पुसलंय, ताई. हा फळाच आडमुठा आहे."

गाड्यांचे चालक व्हरांड्यात चहा पीत उभे होते. ताई दमलेल्या होत्या, तरी हसल्या. "बरं, मग हजेरीच घेऊ या. नदीकाठची वस्ती?"

"पोचलं!"

"वीटभट्टी?"

"पोचलं, ताई. मीच उतरवलं."

"टेकडीपलीकडची?"

ज्याला सगळे सुसाट म्हणायचे त्या चालकाचा पेला हातातच राहिला.

"ताई, रस्ता खचला होता," तो हळूच म्हणाला. "मी अर्ध्यातून फिरलो. वाटेत दुसऱ्या वस्तीतली पोरं तहानेनं रडत होती, पाणी तिथंच देऊन टाकलं. इथं आलो तर लगेच पुढची फेरी. सांगायचं राहूनच गेलं."

टेकडीपलीकडे चाळीस घरं होती. विहिरीत गढूळ पाणी शिरलेलं, फोन बंद आणि एका घरात नऊ दिवसांचं बाळ. हे सगळं माझ्यावरच लिहिलेलं होतं. आम्ही मात्र त्यांना पुसून स्वस्थ झोपलो होतो.

"चूक तुमची एकट्याची नाही," ताई म्हणाल्या. "निघालं की पुसायचं, हा नियम माझा. आता होडी काढा. बाकीचं मागून."

सुसाट स्वतः होडीत बसला. मामा डस्टर हातात धरून सकाळभर माझ्यापाशी उभे राहिले, एकदाही बसले नाहीत. दुपार कलताना सुसाट चिखलाने माखून परतला. "पोचलं!" तो फाटकातूनच ओरडला. "त्यांच्याकडे चांगल्या पाण्याची शेवटची कळशी उरली होती. बाळ ठणठणीत आहे. आजीबाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं आम्ही यादीतूनच गळलो."

मामांनी त्याच डस्टरने डोळे पुसले. खडूने त्यांचं तोंड पांढरंफटक झालं आणि रडता रडता सगळे हसले.

त्या दिवसापासून नियम बदलला. गाडी निघाली की नावाखाली फक्त रेघ मारायची. पलीकडच्या माणसाने स्वतः "पोचलं" म्हटल्यावरच ओळ पुसायची. पुढे साथ आली, घरोघरी दारं बंद झाली, तेव्हाही मी त्याच व्हरांड्यात होतो. औषध दारात ठेवून कुणी परतत नसे. आतून आवाज आला की मगच इकडे माझ्यावर हात फिरायचा.

आता शाळेत गुळगुळीत पांढरे फळे आले आहेत. मध्यंतरी मला नवा रंग द्यायला माणूस आला होता. मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मी पहिलीच्या वर्गात आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं, आडमुठं काही असेल तर टाकून देण्याआधी जरा थांबा. आणि कुणाला मदत पाठवलीत, तर ती पोचली का, हे विचारायला विसरू नका.

गेल्या आठवड्यात वर्गात एक नवी मुलगी आली. टेकडीपलीकडून, नव्या पुलावरून चालत. मामांनी तिला विचारलं, तेव्हा कळलं की नऊ दिवसांचं ते बाळ हीच. बाईंनी हजेरीत नाव घेतलं, तर ती उठली, खडू घेतला आणि घरी शिकवलेला एकच शब्द माझ्यावर वाकडातिकडा लिहिला.

"पोचले."

तास संपल्यावर बाईंनी तो पुसला. दोनदा पुसला. पण मी काही तो जाऊ दिला नाही.