दादाची भीती

वादळात विमान असं हादरायला लागलं, की दादानं शेजारच्या अनोळखी बाईंचा हातच घट्ट धरला. उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, तेव्हा तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या खेपेला ते कसंबसं टेकलं.

धाकटी बहीण न्यायला आली होती. आईमागे त्यानंच तिला लहानाची मोठी केली होती. गाडीत तिनं विचारलं, “घाबरलास का रे?”

एरवी तो “छे, त्यात काय!” म्हणाला असता. आज म्हणाला, “हो गं, जाम घाबरलो.”

जरा वेळानं तिनं विचारलं, “आई गेली तेव्हाही?”

“तेव्हा तर खूपच.”

“मला वाटायचं, मी एकटीच घाबरलेय,” ती म्हणाली आणि गाडी कडेला घेऊन डोळे पुसू लागली.