नडगीला लागलेला चेंडू

"मुद्दाम आडवी आलीस का?" पंचांनी विचारलं.

मी नडगी धरून मातीत बसले होते. "छे हो! मला चेंडू दिसलाच नाही," मी कण्हत म्हटलं.

दिसला होता की, चांगला ढळढळीत! सॉफ्टबॉलच्या सामन्याचा शेवटचा डाव, आम्ही एका धावेने मागे, एक खेळाडू बाद; तिसरी बाद झाली की डाव संपला. मी दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे पळत होते, माझ्यामागे आमची आणखी एकजण पहिल्यावरून दुसऱ्याकडे, आणि माझ्या धाकट्या जावेने मारलेला चेंडू सरपटत थेट समोरच्या टीममधल्या चिमणीकडे चालला होता. तिच्याइतकी चपळ पोरगी मैदानात दुसरी नव्हती. तिने तो उचलला असता तर आमच्या दोघी बाद आणि सामना खल्लास. म्हणून मी पाय मध्ये घातला.

पळणारीला चेंडू चुकून लागला तर ती एकटी बाद होते आणि मारणारीला पहिला बेस मिळतो. मुद्दाम अडवला तर दोघी बाद. हा नियम जावेला मीच दरडावून शिकवला होता.

पंचांनी मला एकटीलाच बाद दिलं. पुढच्याच फटक्यावर बेसवरच्या दोघी होमला पोचल्या, दोन धावा झाल्या आणि आम्ही जिंकलो. सगळ्या मला मिठ्या मारायला लागल्या. आनंद कसला, डोंबलाचा!

तेवढ्यात चिमणी बर्फाची पिशवी घेऊन आली. माझ्यासमोर उकिडवी बसून तिने ती नडगीवर धरली.

"सॉरी हं, ताई. मी दोन पावलं पुढे आले असते ना, तर तुम्हाला लागलंच नसतं."

आणि मी, निलाजरीने, "असू दे गं, होतं असं," म्हणत तिला माफ केलं.